पॉइंट ठेवायचे की काढायचे: सोलापूरच्या उन्हात एक जावा

थंड असताना पहिल्या-दुसऱ्या किकला चालू होणारी माझी जावा मोटारसायकल तुळजापूर रोडला उळे मागे पडलं की मिसिंग करायची. आधी पिकअप जायचा, मग सायलेन्सरमध्ये एखादा फटाका आणि तामलवाडीच्या आसपास गाडी बंद. लिंबाच्या सावलीत थोडा वेळ उभी केली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालू. मार्च सरत आला की हे दुखणं वाढायचं. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात गेला की गावाबाहेर न्यायची सोयच उरायची नाही.

गाडी माझ्या थोरल्या काकांची, १९६८ ची. म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९६१ मध्ये सुरू झाला आणि १९९६ मध्ये बंद पडला, त्यातल्या सुरुवातीच्या वर्षांतलं हे मॉडेल. ६५ मिलिमीटर बोअर, ७५ मिलिमीटर स्ट्रोक, एक सिलिंडर, दोन सायलेन्सर आणि सहा व्होल्टची बॅटरी. काकांनी ती मिलच्या शिफ्टला रोज वापरली. माझ्याकडे आली तेव्हा इंजिन चांगलं होतं, वायरिंग मात्र ठिकठिकाणी जोडलेलं.

सल्ले भरपूर मिळाले आणि बहुतेक एकाच तोंडचे: पॉइंट (ठिणगीसाठी कॉइलचा करंट तोडणारे दोन कॉन्टॅक्ट) काढून टाक, सीडीआय (इलेक्ट्रॉनिक इग्निशन) बसव, बारा व्होल्ट कर, कटकट मिटेल. सल्ला चुकीचा नाही. माझ्या ओळखीतल्या दोन-तीन येझदी (त्याच कारखान्यातली जावाची पुढची गाडी) तशा केलेल्या आहेत आणि छान चालतात. पण देणाऱ्यांपैकी कुणीही माझ्या गाडीला मीटर लावून पाहिला नव्हता. दुखणं नेमकं कुठं आहे हे कळल्याशिवाय नवी सिस्टीम निवडायची नाही, एवढं मी ठरवलं. दुखणं बेअरिंगमध्ये किंवा अर्थच्या (चॅसिसकडच्या मायनसच्या) जोडणीत असेल तर नव्या किटलाही ते छळणारच.

आधी जावाची सिस्टीम काय आहे ते सांगतो, कारण राजदूत, बुलेट आणि जावा यांना एकाच मापानं मोजणारे मिस्त्री मी पाहिलेत. बॉश कंपनीत गॉटलोब होनोल्डनं १९०२ मध्ये हाय-टेन्शन मॅग्नेटो बनवला. तो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, त्याला बॅटरी लागत नाही. पुढं अमेरिकेत चार्ल्स केटरिंगनं १९१० च्या सुमारास कॅडिलॅक मोटारींसाठी बॅटरी आणि कॉइलची पद्धत आणली. राजदूत १७५ चा फ्लायव्हील मॅग्नेटो पहिल्या घराण्यातला, जावा दुसऱ्या. म्हणून राजदूतवाल्याची बॅटरी मेली तरी तो घरी येतो, जावावाला ढकलत येतो. बुलेटही जुन्या काळात बॅटरी-कॉइलवरच, पण तिथं स्प्रिंग आणि वजनं लावलेलं ऑटो ॲडव्हान्स असतं, वेग वाढला की ठिणगी आपोआप आधी पडते. जावात तसं काही नाही. एकदा लावलेलं टायमिंग आयडलिंगलाही तेच आणि टॉप गिअरलाही तेच. म्हणून ते लावताना जास्त जपावं लागतं.

काम साधं आहे. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलच्या प्रायमरीतून (पहिल्या गुंडाळीतून) वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र भरत जातं. कॅमनं पॉइंट उघडले की ते क्षेत्र एकदम कोसळतं आणि सेकंडरीत (प्लगकडच्या दुसऱ्या गुंडाळीत) हजारो व्होल्ट उठतात. उघडण्याच्या त्या क्षणी पॉइंटमध्येच ठिणगी उडू नये म्हणून कंडेन्सर. तो बिघडला की क्षेत्र झटक्यात कोसळत नाही, पॉइंटमध्ये ठिणग्या नाचतात आणि प्लगला उरतं ते पिवळसर, अशक्त काहीतरी.

मी पहिल्यांदा व्होल्टेज पाहिलं. यात एक खुबी आहे: पॉइंट मिटलेले असतानाच मोजायचं. उघडे असताना करंटच वाहत नाही, त्यामुळं मीटर सगळीकडे पूर्ण व्होल्ट दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. पॉइंट मिटवले, चावी लावली. बॅटरीच्या टोकांवर ६.१ व्होल्ट. कॉइलच्या टोकांवर ४.९. म्हणजे एक पंचमांश वाटेतच गडप. आता कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट ८० टक्के झाला की ऊर्जा ६४ टक्के होते, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त ठिणगी वायरीतच गेली. बारा व्होल्टच्या गाडीत १.२ व्होल्ट गेले तर दहा टक्के जातात, सहा व्होल्टच्या गाडीला तेवढीच गळती दुपटीनं महाग पडते. सहा व्होल्टला लोक बदनाम करतात त्याचं अर्धं कारण इथं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर ठेवलं आणि दुसरं एकेका जोडावर सरकवत गेलो. फ्यूजच्या होल्डरमध्ये थोडं, चावीच्या स्विचमध्ये बरंच. मायनसच्या बाजूलाही तसंच केलं, कारण ती बाजू कुणी तपासतच नाही. चॅसिसला सुंदर रंग दिलेला होता आणि अर्थचा स्क्रू त्या रंगावरच आवळलेला. जुन्या गाडीला नवा रंग दिला की हे हमखास होतं. रंग खरवडून पत्रा उघडा केला, अर्थसाठी इंजिनापासून थेट बॅटरीपर्यंत जाड वायर ओढली, स्विचचे पितळी कॉन्टॅक्ट साफ केले, बॅटरीपासून कॉइलपर्यंतची वायर जाड घातली. आता गळती ०.२ व्होल्टच्या आत आली. थंड गाडी पूर्वीपेक्षा ठणठणीत चालू झाली, आयडलिंगही सुधारलं.

पण तामलवाडीचं दुखणं राहिलंच.

गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हटलं की संशय दोघांवर जातो, कॉइल आणि कंडेन्सर. जावाचा कंडेन्सर उजव्या झाकणाखाली डायनॅमोपाशीच बसतो, इंजिनाच्या अगदी कुशीत. झाकण उघडून, अंधार करून किक मारली तर पॉइंटमध्ये निळसर-पांढरी ठिणगी चांगलीच उडताना दिसली. पॉइंट भिंगाखाली धरले तर एका टोकावर खड्डा पडलेला आणि समोरच्यावर तेवढाच उंचवटा. हे कंडेन्सर आजारी असल्याचं लक्षण. तरी मल्टिमीटरवर तो ठीक दिसत होता, क्षमता ०.२ मायक्रोफॅरडच्या वर, म्हणजे जेवढी हवी तेवढीच.

इथं सोलापूरचा उपयोग झाला. अशोक चौकाच्या बाजूला यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करणारे एक अण्णा आहेत, आमच्या घरचे जुने ओळखीचे. मोटारीचं इन्सुलेशन तपासायला त्यांच्याकडे मेगर असतो. कंडेन्सर दाखवून मी म्हटलं, "मीटरवर बरोबर येतोय अण्णा."

ते म्हणाले, "मीटर किती व्होल्टवर बघतंय? दोन-तीन. आणि गाडीत त्याच्यावर किती चढतंय?" खरं होतं. पॉइंट उघडले की प्रायमरीतही दोन-तीनशे व्होल्टचा झटका येतो. त्यांनी मेगर २५० व्होल्टवर ठेवून लावला, काटा चांगला वर राहिला, म्हणजे गळती नाही. मग म्हणाले, "गरम झाल्यावर बंद पडते म्हणतोस, मग थंड बघून काय कळणार बे?" वार्निश लावलेल्या मोटारी सुकवायच्या त्यांच्या पेटीत कंडेन्सर ठेवला. चहा आला, पिऊन झाला. कंडेन्सर हाताला चटका देण्याइतका तापल्यावर पुन्हा मेगर लावला. काटा आधी वर गेला आणि डोळ्यांदेखत खाली घसरत आला, शून्याच्या जवळ जाऊन थांबला. खिशात दुकानातून आणलेला कोरा कंडेन्सर होता, तोही तापवून पाहिला. तो जुन्यापेक्षा थोडा उशिरा घसरला, एवढाच फरक. (मेगर लावलेला कंडेन्सर चार्ज धरून ठेवतो. काढताना दोन्ही टोकं शॉर्ट करायची, नाहीतर चांगला झटका बसतो.)

कंडेन्सर बदलूनही काही फरक पडला नाही, असं सांगणारे जे भेटतात, त्यांच्या बाबतीत नेमकं हेच झालेलं असण्याची शक्यता मोठी आहे. डबीत वर्षानुवर्षं पडून असलेला माल नवा म्हणायचा कसा?

अण्णांनी उपायही सुचवला. पॉलिप्रॉपिलीनचा फिल्म कपॅसिटर, ०.२२ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्ट. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो आणि किमतीला अगदी किरकोळ. तोही पेटीत तापवून मेगरवर पाहिला, काटा वरून हलला नाही. इंजिनाजवळची जागा सोडून तो मी कॉइलपाशी लावला. एक टोक कॉइलच्या पॉइंटकडच्या स्क्रूवर, दुसरं स्वच्छ अर्थला. विजेच्या दृष्टीनं तो पॉइंटच्या समांतरच राहतो, फक्त भट्टीतून बाहेर येतो. थरथरीनं पाय तुटू नयेत म्हणून नळीत घालून पट्टीनं घट्ट बांधला.

आता टायमिंग. त्याआधी एक तपासणी मी प्रत्येक जुन्या टू-स्ट्रोकवाल्याला करायला सांगतो. जावात पॉइंटचा कॅम क्रँकच्या टोकावर, आर्मेचरच्या (डायनॅमोच्या फिरणाऱ्या भागाच्या) पुढं असतो. उजव्या बाजूचं क्रँकचं बेअरिंग झिजलं असेल तर कॅम गोल फिरताना डोलतो आणि पॉइंटचा गॅप दर फेऱ्याला वेगळा येतो. आर्मेचर हातानं वर-खाली ढकलायचं आणि गॅपकडे बघायचं. गॅप कमी-जास्त होत असेल तर फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) खाली ठेवायची आणि बेअरिंगचं बघायचं, कितीही बारकाईनं लावलं तरी टायमिंग टिकणार नाही. शिवाय त्या बाजूचं ऑइल सील गेलेलं असेल तर इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, गाडी तापते आणि नाव इग्निशनचं येतं. माझं बेअरिंग आणि सील दोन्ही ठीक निघाले. डायनॅमोच्या कार्बन ब्रशची काळी भुकटी मात्र सगळीकडे बसली होती. ती पेट्रोलच्या ब्रशनं धुऊन काढली, कारण ती वीज वाहते.

गॅप आधी, टायमिंग नंतर. हा क्रम उलटा चालत नाही, कारण गॅप वाढवला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढं जातं, गॅप मिटत आला की मागं पडतं. पॉइंट बारीक तेल-दगडावर सपाट घासले, खड्डा आणि उंचवटा दोन्ही गेले. पॉलिश पेपर वापरला तर त्याचे कण पॉइंटमध्ये रुतून राहतात, म्हणून शेवटी कोरा कागद मध्ये धरून ओढला. तो काळा न होता बाहेर येईपर्यंत ओढायचा. कॅमच्या सगळ्यात उंच जागी गॅप ०.४ मिलिमीटर. गेज अडकतही नाही आणि सैलही जात नाही, थोडी ओढ जाणवते, ती खूण. कॅमला पुसणाऱ्या फेल्टला ग्रीसचा एक थेंबच. जास्त झालं तर उडून पॉइंटवर येतं, नाही दिलं तर पॉइंटची फायबरची टाच झिजते, गॅप मिटतो आणि गाडी नकळत रिटार्ड होत जाते, म्हणजे ठिणगी उशिरा पडू लागते.

टायमिंगचा आकडा पुस्तिकेत पिस्टन माथ्याला पोचण्याआधी किती मिलिमीटर, असा दिलेला असतो. या इंजिनांत तो मॉडेलप्रमाणे साधारण तीन ते चारच्या दरम्यान येतो. आपल्या मॉडेलचाच बघावा, शेजाऱ्याच्या येझदी रोडकिंगचा जावाला लावू नये. प्लगच्या भोकात डायल गेज बसवली, आर्मेचरच्या बोल्टला पाना लावून पिस्टन माथ्यावर आणला. काटा एका जागी थांबून परत फिरतो, तो माथा. तिथं शून्य केलं. मग इंजिन उलटं फिरवून पिस्टन बराच खाली नेला आणि चालायच्या दिशेनं हळूहळू वर आणला. ज्या गाड्यांत प्लग तिरपा बसतो त्यांत गेजचा आकडा खोटा येतो, तिथं हेड काढूनच मोजावं.

पॉइंट कधी उघडतात हे डोळ्यानं कळत नाही. जुने मिस्त्री सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरून ओढत राहायचे, सुटला की तो क्षण. मी सहा व्होल्टचा छोटा बल्ब वापरतो. एक वायर पॉइंटच्या स्प्रिंगवर, दुसरी अर्थला, चावी चालू. मिटलेले असताना बल्ब बंद, उघडताक्षणी पेटतो. पाना केसभर पुढं, बल्ब फडफडतो, आणखी केसभर, स्थिर पेटतो. गेज वाचायची, प्लेटचे स्क्रू सैल करून प्लेट किंचित फिरवायची, आवळायचे, पुन्हा मोजायचं. आवळताना प्लेट थोडी सरकतेच, म्हणून आवळल्यानंतरचं वाचन खरं. आणि हे सगळं झाल्याबरोबर चावी बंद करायची. पॉइंट मिटलेले राहून चावी चालू राहिली तर कॉइल तापून जळते.

त्या जागी पाव मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक अंश. तरी तो कळतो. पुस्तिकेच्या आकड्यावर लावून भल्या पहाटे आणि मग दुपारी, दोन्ही वेळा तुळजापूरपर्यंत गेलो. पहाटे गाडी अप्रतिम. दुपारी घाटात, तिसऱ्या गिअरवर पूर्ण ॲक्सिलरेटर दिला की हेडमधून बारीक किणकिण येत होती, बांगड्या वाजल्यासारखी. हा आवाज ऐकून सोडून द्यायचा नसतो. ठिणगी लवकर पडतेय, मिश्रण स्फोटासारखं पेटतंय, आणि टू-स्ट्रोकमध्ये त्याचा शेवट पिस्टनला भोक पडण्यात किंवा सीझ होण्यात होतो. टायमिंग पाव मिलिमीटर मागं घेतलं. किणकिण गेली, चढावरची ओढ कमी झाली नाही. आणखी पाव मागं नेऊन पाहिलं तर गाडी सुस्त झाली आणि सायलेन्सरचा बेंड जास्त तापू लागला, कारण उशिरा पेटलेलं मिश्रण जळतच बाहेर जातं. म्हणून मधल्या खुणेवर आलो. जावा मूळची चेक, त्यामुळं पुस्तिकेचा आकडा चेक लोकांनी काढलेला, तिथलं हवामान आणि त्या काळचं पेट्रोल धरून. आपल्या मे महिन्याला त्यातून थोडी सूट दिली तर बिघडत नाही.

प्लगची बाजूही एकदा पाहून घेतली. कॉइलच्या वायरी उलट्या लागल्या तर प्लगच्या मधल्या टोकाला प्लस येतो आणि त्याच ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात, कारण तापलेल्या मधल्या टोकातून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, थंड बाजूनं नाही. तपासायला शिसपेन्सिल पुरते. प्लग आणि वायरीच्या टोकामध्ये उडणाऱ्या ठिणगीत पेन्सिलचं टोक धरायचं. ठिणगी पेन्सिलच्या प्लगकडच्या बाजूला फुललेली, नारिंगी छटा असलेली दिसली तर वायरी बरोबर. माझ्या बरोबर होत्या.

एवढं झाल्यावर खरा प्रश्न हातात घेतला: पॉइंट ठेवायचे की काढायचे?

तीन वाटा होत्या. एक, आहे तसं ठेवणं. दोन, पॉइंट ठेवून मध्ये ट्रान्झिस्टरचा बॉक्स टाकणं. यात पॉइंटमधून अगदी थोडा करंट जातो, ते जळत नाहीत, कंडेन्सर लागत नाही. पण इतक्या थोड्या करंटला तेलाचा पातळ थरही अडवतो, म्हणून पॉइंट वरचेवर पुसावे लागतात, आणि टाच झिजायची ती झिजतेच. तीन, डायनॅमोसकट सगळं काढून कायमचुंबकाचा अल्टरनेटर आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन, बारा व्होल्ट. चेक प्रजासत्ताकातली व्हेप कंपनी जावासाठी असे संच बनवते, आपल्याकडेही वेगवेगळे जुगाड मिळतात.

सीडीआयचा मोठेपणा मला मान्य आहे. कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज एकदम कॉइलवर सोडली की व्होल्टेज इतक्या झपाट्यानं चढतं की ऑइलनं भिजलेला प्लगही पेटतो. टू-स्ट्रोकला हे वरदानच. १९६९ च्या कावासाकी एच-१ ला ते होतं आणि १९८५ मध्ये आलेल्या आपल्या आरएक्स १०० लाही. मात्र सीडीआयची ठिणगी अगदी अल्पजीवी. कॉइलची ठिणगी मिलिसेकंदभर टिकते, त्यामुळं आयडलिंगचं कमीजास्त मिश्रणही ती पेटवून घेते. जावाचं ते ठरावीक लयीतलं, सावकाश आयडलिंग मला त्या ठिणगीवरच जास्त आवडतं. ही आवडीची गोष्ट आहे, मी ती तशीच मांडतो.

निर्णय शेवटी वापरावर आला. माझा एक मित्र अक्कलकोट रोड एमआयडीसीत रात्रपाळीला येझदीवर जातो. ४५ वॅटचा डायनॅमो, त्यातून हेडलाइट, टेललाइट आणि इग्निशन, शिवाय गर्दीत कमी आरपीएमवर चालणं. बॅटरी भरण्यापेक्षा रिकामीच जास्त होणार. त्यानं बारा व्होल्टचा पूर्ण संच बसवला आणि मी त्याला तेच सांगितलं असतं. त्याला दिसायला हवं, आणि रात्री दोन वाजता गॅप बघत बसायला त्याला वेळ नाही. पण त्यानंही आधी उजवं बेअरिंग बदलून घेतलं, कारण डोलणाऱ्या क्रँकवर नवा रोटर स्टेटरला घासला असता.

माझी गाडी दिवसा निघते, रविवारी पहाटे तुळजापूर, कधी नळदुर्ग, कधी नुसती होटगी रोडनं. तिचं दुखणं सापडलेलं आहे आणि ते पॉइंट नव्हते. म्हणून पॉइंट राहिले, सहा व्होल्टही राहिले. डायनॅमो, कटआउट (डायनॅमो-बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच) सगळं मूळचं. काढलेला कंडेन्सर झाकणाखाली त्याच्या जागेवर परत बसवला आहे, वायर तोडून. दिसायला गाडी काकांनी वापरली तशीच.

मागच्या मेमध्ये भर दुपारी तुळजापूरचा घाट चढून आलो, पॉइंट काढून पाहिले तर दोन्ही टोकं सपाट आणि राखाडी. आता पावसाळ्याआधी गॅप एकदा बघतो, फेल्टला थेंब देतो. डिकीत एक जास्तीचा पॉइंट सेट, प्लग, बल्बची वायर आणि फीलर गेज असते. अण्णांकडून आणलेले फिल्म कपॅसिटर अजून काही उरले आहेत. सात रस्त्याच्या एका बुलेटवाल्याला त्यातला एक दिलाय, पण त्याच्या ऑटो ॲडव्हान्सच्या स्प्रिंग सैल झाल्यात असा माझा संशय आहे, आयडलिंगलाच ठिणगी पुढं पळतेय. येत्या रविवारी ते झाकण उघडून बघायचं ठरलंय.